चाकं टेकली म्हणजे उतरलो, असं नसतं!

विमान उतरतानाचे रील्स आपण सगळेच बघतो. चाकं धावपट्टीला टेकतात, टायरमधून धूर निघतो आणि व्हिडिओ संपतो. खाली कमेंट असते, 'काय बटर लँडिंग आहे राव!' पण छोट्या टेलव्हील विमानाची खरी परीक्षा तिथून पुढे सुरू होते. त्यांचे बरेचसे अपघात होतात तेही तेव्हाच.

टेलव्हील विमान म्हणजे दोन मुख्य चाकं पुढे आणि एक चिमुकलं चाक शेपटीखाली. अमेरिकेचं पायपर कब आणि आपल्याकडे फ्लाइंग क्लबमध्ये वापरलं गेलेलं एचएएलचं पुष्पक, दोन्ही याच प्रकारातली. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपाल घेऊन कराचीहून जुहूला उतरले, ते पस मॉथही शेपटी टेकवूनच उभं राहायचं.

या विमानांची गोची अशी, की त्यांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. ट्रॅक्टरची ट्रॉली रिव्हर्स घेताना बघितलीय? जरा वाकडी झाली, की आणखी वाकडी होत जाते. वेळीच सावरली नाही तर आडवीच होते. इथेही तसंच. बाजूच्या वाऱ्याने शेपूट थोडी ढकलली, पायलटचे पाय रडरच्या पेडलवर क्षणभर सुस्तावले, की विमान गर्रकन फिरतं. यालाच 'ग्राउंड लूप' म्हणतात. पंखाचं टोक घासतं, कधी चाकाचा पायच मुडपतो. घाबरून ब्रेक जोरात दाबला, तर विमान नाकावर जातं आणि प्रोपेलर जमिनीवर आपटतो. माणूस बहुतेक वेळा वाचतो, पण विमानाची वाट लागते.

दुसरा घोळ उसळीचा. मुख्य चाकं जोरात आदळली की शेपूट खाली जाते, पंखांना पुन्हा उचल मिळते आणि विमान परत हवेत. आता वेग कमी, उंची कमी, आणि पायलटचा हट्ट मात्र कायम: 'उतरवतोच!'

माझं भांडण या हट्टाशी आहे. अशा वेळी सरळ थ्रॉटल पुढे ढकलावा, पुन्हा वर जावं, एक चक्कर मारून यावं. याला 'गो-अराउंड' म्हणतात. अमेरिकेत टेलव्हील विमान चालवायला प्रशिक्षकाकडून वेगळी मान्यता घ्यावी लागते आणि त्या प्रशिक्षणात बाजूच्या वाऱ्यातल्या लँडिंगइतकंच गो-अराउंडही शिकवावं लागतं. म्हणजे नियमाच्या लेखी ते कौशल्य आहे. आपण मात्र परत वर गेलेल्याला हसतो. 'जमलं नाही वाटतं?' हे एक वाक्य पुढच्या वेळी त्याचा हात थ्रॉटलवर अडवू शकतं.

कुणी म्हणेल, आता नाकाखाली चाक असलेली विमानं आहेत, हा ताप कशाला? मुद्दा बरोबर आहे. १९५६ मध्ये आलेल्या सेसना १७२ सारख्या विमानांनी उतरणं खूप सोपं केलं, आणि ते चांगलंच झालं. त्यांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो, त्यामुळे थोडं तिरकं टेकलं तरी विमान स्वतःच सरळ व्हायला बघतं. पण ते चूक माफ करतं, पुसत नाही. पायांचा आळस तसाच राहतो, आणि एखाद्या दिवशी जोराचा आडवा वारा त्याचा हिशेब मागतो. म्हणून पायलट होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने, संधी आणि पैसे जमले तर, काही तास टेलव्हीलवर जरूर घालवावेत. तिथे आळस लगेच पकडला जातो.

ते जमलं नाही, तरी दोन गोष्टींना एक रुपयाही लागत नाही. विमान पूर्ण थांबेपर्यंत पाय पेडलवर जागे ठेवायचे. आणि कुणी गो-अराउंड करून आलं, तर हसायचं नाही, 'बरं केलंस' म्हणायचं.