आत्याच्या नावाची पाटी की आत्याचा वर्ग?



आपल्याकडे घरातलं मोठं माणूस गेलं की वर्षभरात तीन गोष्टी ठरलेल्या असतात. वर्तमानपत्रात फोटोसह ‘प्रथम पुण्यस्मरण’, मंदिरात एखादं विधान, आणि कशावर तरी नाव. पंख्याच्या पात्यावर, पाण्याच्या पिंपावर, धर्मशाळेच्या खोलीवर. देणाऱ्याचा भाव चांगलाच असतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जिनं आयुष्यभर फक्त शिकवलं, तिचं स्मरण वस्तूवर नाव घालून होतं का? मला तसं वाटत नाही. माझी आत्या गेल्यावर हा प्रश्न आमच्याच घरात आला, म्हणून आज यावर लिहिते आहे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच तिच्यावर वैधव्य आलं. आजोबांनी तिला माहेरी आणलं, पण चुलीपाशी कोपऱ्यात बसू दिलं नाही. सोलापूरच्या श्राविकाश्रमात शिकायला पाठवलं. ही साठच्या दशकातली गोष्ट. तेव्हा नातेवाइकांनी नावं ठेवली, असं आजी सांगायची. पण आजोबांसमोर एक मोठं उदाहरण होतं. मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांची मुलगी मगनबाई तरुणपणीच विधवा झाली. वडिलांनी तिला शिकवलं, आणि तिनं पुढे मुंबईत श्राविकाश्रम उभा करून तिच्यासारख्या कितीतरी बायकांना शिकवलं. एका वडिलांनी एका मुलीला शिकवलं, त्याचा फायदा शंभर वर्षांनंतरही आपण घेतो आहोत.

सोलापुरात आत्यानं पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहा यांना जवळून पाहिलं. षट्खंडागमासारख्या ग्रंथाचं संपादन एक बाई करते, हे तिनं विशीत पाहिलं, आणि ‘शास्त्र काय बायकांचं काम आहे का’ हा प्रश्न तिच्या डोक्यातून कायमचा गेला. परत आल्यावर तिनं जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, आणि रविवारी सकाळी मंदिराशेजारच्या खोलीत पाठशाळा घेतली. निवृत्तीनंतर शाळा सुटली, पाठशाळा सुटली नाही.

तिची शिकवायची पद्धत साधी होती. अर्थ कळल्याशिवाय पाठांतर नाही. भक्तामराचे ४८ श्लोक घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला ती मध्येच थांबवून विचारायची, “आत्ता म्हटलास त्यात काय मागितलंस रे?” पाणी गाळायला शिकवताना नुसतं दुहेरी फडकं दाखवून थांबायची नाही. जिवाणी परत पाण्यात का सोडायची, हेही सांगायची. अलीकडे तर म्हणायची, “आपल्या गावात नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येतं. एक बादली जपून वापरलीत तर तीही अहिंसाच.”

दुपारी बायका यायच्या. त्यातल्या तीन-चार आज्यांना अक्षरओळखच नव्हती. पूजेचं पुस्तक हातात धरायच्या आणि शेजारणीच्या मागून म्हणायच्या. आत्यानं त्यांना पाटी-पेन्सिल दिली. कुणी हसलं तर सांगायची, भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी शिकवली, सुंदरीला अंक शिकवले. आदिपुराणात जिनसेनाचार्यांनी लिहून ठेवलं आहे. पहिल्या तीर्थंकरांनी मुलींना शिकवलं, मग आपण कोण लाजणारे? त्यातल्या एका आजींनी पासष्टाव्या वर्षी स्वतःची पूजा स्वतः वाचून केली. त्या दिवशी आत्यानं घरी पुरणपोळी केली होती.

दरवर्षी ती मुलांना वेरूळला न्यायची. बत्तीस नंबरच्या लेण्यात, इंद्रसभेत, अंबिकेसमोर मुलं बसवायची. मग वर डोंगरावर पार्श्वनाथांच्या दर्शनाला. त्या मूर्तीवर शके ११५६ चा, म्हणजे इ.स. १२३४-३५ चा लेख आहे. मूर्ती करवून घेणाऱ्या चक्रेश्वराचं नाव त्यात आहे. जवळजवळ आठशे वर्षं ते नाव दगडावर टिकलं. मला तिथे नेहमी एक विचार येतो. या चक्रेश्वराला धर्म कुणी शिकवला असेल? आईनं, आजीनं, गावातल्या कुणा पंडितानं? ते नाव कुठेच नाही. दान देणाऱ्याचं नाव दगडावर राहतं. शिकवणाऱ्याचं नाव शिकलेल्याच्या तोंडी राहिलं तरच राहतं.

आपल्याकडे यासाठी एक सुंदर शब्द आहे: अनिह्नव. ज्ञानाच्या आठ आचारांपैकी हा एक. अर्थ असा की ज्याच्याकडून शिकलो त्याचं नाव लपवायचं नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरण कर्माच्या आस्रवाची कारणं सांगितली आहेत, त्यात निह्नव आहे. म्हणजे गुरूचं नाव दडवणं हा नुसता कृतघ्नपणा नाही, त्यानं आपलंच ज्ञान झाकलं जातं. आपण दडवत नाही हो, पण विसरतो. आपल्याला णमोकार मंत्र कुणी शिकवला, हे किती जणी आपल्या मुलांना सांगतात?

आता आमच्या घरातल्या चर्चेकडे येते. आत्याला जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा सगळ्यांनी मिळून काही रक्कम काढली. एक मत असं आलं की मंदिराच्या जिन्यापाशी संगमरवरी पाटी लावावी. दुसरं मत, शास्त्रदान म्हणून पुस्तकं छापून वाटावीत. दोन्ही करणारे प्रेमानंच बोलत होते. पण तिची पाठशाळा ती गेल्यापासून बंद आहे. खोलीत आता खुर्च्या आणि मांडवाचं सामान ठेवलेलं असतं. खोलीला कुलूप आणि जिन्यात नाव, हे मला पटेना.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दानं आपण लहानपणापासून ऐकतो. त्यातलं शास्त्रदान आपण पुस्तकं वाटण्यापुरतं आणून ठेवलं आहे. प्रत्येक घरात अशा पुस्तकांचा एक कप्पा असतो, आणि त्यातली बरीचशी कधी उघडलेली नसतात. पुस्तक देणं चांगलंच, पण ते वाचता येणारी, समजावून सांगणारी बाई देणं हे त्याहून मोठं दान आहे.

मुलं आता यूट्यूबवर प्रवचन ऐकतात, पाठशाळेची गरज काय, असं काही जणी म्हणतात. मीही ऐकते, चांगली असतात. पण मोबाईलमधल्या पंडितजींना कळत नाही की समोरचा मुलगा आज गप्प का आहे. आत्याला कळायचं. कुणाच्या घरी भांडण आहे, कुणाची आई आजारी आहे, हे तिला माहीत असायचं, आणि त्या दिवशी ती धडा बदलून क्षमेवर बोलायची.

एक गोष्ट मात्र मला स्पष्ट लिहायची आहे, आत्यावर कितीही प्रेम असलं तरी. तिनं हाताखाली कुणाला तयार केलं नाही. सगळं स्वतःच केलं. तापातही वर्ग घेतला, पण दुसरीला खडू दिला नाही. आणि गंमत अशी की श्रुतपंचमीला दरवर्षी गोष्ट तीच सांगायची: वृद्ध धरसेनाचार्यांना वाटलं, आपल्याबरोबर हे ज्ञान जाईल. म्हणून त्यांनी दोन मुनींना बोलावून घेतलं आणि शिकवलं. ते दोघे पुष्पदंत आणि भूतबली. त्यांच्यामुळे षट्खंडागम लिहिला गेला. ती दोन मुनींची परंपरा आत्याच्या वर्गात झाली नाही. दोष तिच्या एकटीचा नाही. ‘आत्या आहेत ना’ म्हणून समाजही निवांत राहिला.

संस्था कशा टिकतात ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. समंतभद्र महाराजांनी १९१८ मध्ये कारंज्याला गुरुकुल काढलं, १९६२ मध्ये आपल्या वेरूळला. ते आज नाहीत, पण वेरूळला गुरुकुल आहे, कारण त्यांनी शिकवणारी माणसं घडवली. एकटीच्या खांद्यावरची सेवा ती बाई गेली की संपते.

म्हणून माझं मत असं. जमलेली रक्कम दोन तरुण मुलींच्या मानधनासाठी ठेवावी. मानधन सन्मानाचं असावं. बोलीला आपण हात आखडत नाही, आणि शिकवणारीला मात्र ‘सेवा आहे’ म्हणून रिक्षाच्या भाड्यावर भागवतो. हे थांबायला हवं. एक मुलगी शिकवेल, दुसरी तिच्यासोबत शिकेल. पाटी लावायचीच असेल तर ती वर्गाच्या दारावर लावा, आणि तीही वर्ग सुरू झाल्यावर. घरात अजून सगळ्यांना हे पटलेलं नाही. माझे काका म्हणतात, मुली लग्न होऊन गेल्या की पुन्हा तेच. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण गेली तर तिच्या सासरच्या गावात पाठशाळा सुरू होईल, हेही खरं आहे ना?

तुमच्याकडेही अशी एखादी आत्या, मावशी, काकू असेल. बहुतेक पाठशाळांमध्ये अशी एकच असते. ती आहे तोवर तिच्याजवळ जाऊन बसा. तिला म्हणा, पुढचा रविवार मी घेते, तुम्ही नुसत्या बसा. आणि आज संध्याकाळी आरतीनंतर मुलांना सांगा, णमोकार मंत्र मला अमुक बाईंनी शिकवला. त्यांचं नाव घेऊन सांगा.

जय जिनेंद्र.