दादा करतो, म्हणून मी करते!

दोस्तांनो,

चाचणीचे पेपर मिळाले का? मिळाले असतील तर आईबाबांची सही घेऊन झाली का? बरं बरं, तो विषय नको! आज मी तुम्हाला दोन पत्रांची गोष्ट सांगणार आहे.

गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर एकाच दिवशी दोन पाकिटं येऊन पडली. दोन्हींवर एकाच पोस्टाचा शिक्का, दोन्हींच्या मागे एकच पत्ता. अक्षर मात्र वेगवेगळं! एक पत्र होतं आईचं आणि दुसरं तिच्या आठवीतल्या मुलाचं. आणि गंमत अशी, की एकाच्या पत्राचा दुसऱ्याला पत्ताच नव्हता! मी दोघांनाही विचारलं, ‘तुमची गोष्ट इथे सांगू का?’ दोघंही ‘हो’ म्हणाले. फक्त नाव-गाव छापायचं नाही, असं ठरलं. म्हणून मी मुलाला ‘दादा’ म्हणते आणि त्याच्या चार वर्षांच्या बहिणीला ‘छोटी’.

आईने लिहिलं होतं, ‘ताई, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. घर बायकांनी भरलं होतं. शेजारच्या आजींनी छोटीला जवळ घेतलं, तर ती हात झटकून म्हणाली, “निघ ना, डोकं नको खाऊ!” वर आणखी एक शब्द म्हणाली. तो मी पत्रात लिहू शकत नाही. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. हे सगळं मोठ्याच्या मित्रांमुळे. रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर टोळकं जमतं. क्रिकेट, मोबाईल, आरडाओरडा. छोटी तिथेच घुटमळत असते. आता मी त्या मुलांना घरी येऊ देत नाही. माझं काही चुकलं का?’

आता दादाचं पत्र ऐका. ‘मावशी, आई म्हणते, माझे मित्र म्हणजे बाहेरची हवा. पण “डोकं नको खाऊ” हे आमच्या ओट्यावर कुणीच म्हणत नाही. ते आईच म्हणते, मी गणित विचारायला गेलो की! दुसरा शब्द आमच्यातल्या एकाचा आहे, हे मात्र खरं. पण चिमण्यांसाठी करवंटीत पाणी ठेवायला छोटीला त्यानेच शिकवलं. ते आईला का दिसत नाही?’

वाचलंत? मला आधी हसू आलं आणि मग मी बराच वेळ गप्प बसले. कारण दोघंही खरं बोलत होते! आईची काळजी खरी होती आणि दादाची तक्रारही.

तुम्ही ती म्हण ऐकली असेल. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. दोन बैल शेजारी बांधले, तर एकाचा रंग काही दुसऱ्याला लागत नाही. पण सवयी मात्र लागतात. आपल्या शेतकरी आजोबा-पणजोबांनी हे गोठ्यात पाहिलं होतं. तेच पुढे एका शास्त्रज्ञाने प्रयोग करून दाखवलं. तो प्रयोग फार मजेदार आहे, बरं का!

या शास्त्रज्ञाचं नाव अल्बर्ट बंडुरा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ते मानसशास्त्र शिकवत. १९६१ साली त्यांचा हा प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्याच बालवाडीतली ७२ मुलं त्यांनी निवडली. ३६ मुलगे आणि ३६ मुली. सगळी साधारण ३ ते ६ वर्षांची, म्हणजे आपल्या छोटीएवढीच!

एका खोलीत खेळणी मांडलेली होती. तिथे एक हवा भरलेली मोठी बाहुली होती. पाच फूट उंच! ढकलली की पडायची आणि पुन्हा आपली उभी! २४ मुलांसमोर एक मोठं माणूस आलं आणि त्या बाहुलीला बडवू लागलं. ठोसे मारले, लाकडी हातोडीने हाणलं, लाथ मारली आणि तोंडाने ‘मार त्याला!’ अशा अर्थाचं काहीबाही ओरडलं. दुसऱ्या २४ मुलांसमोरचं मोठं माणूस मात्र बाहुलीकडे न बघता शांतपणे खेळत बसलं. उरलेल्या २४ मुलांना असं काहीच दाखवलं नाही.

मग प्रत्येक मुलाला एकेक करून दुसरीकडे नेलं. तिथे छान छान खेळणी दाखवली आणि थोड्याच वेळात ‘ही तुझ्यासाठी नाहीत’ म्हणून काढून घेतली. कुणालाही राग येईल, हो की नाही? त्यानंतर मुलाला तशाच एका बाहुलीच्या खोलीत सोडलं. आता काय झालं असेल, ओळखा पाहू!

ज्यांनी मारामारी पाहिली होती, त्यांच्यातल्या पुष्कळांनी बाहुलीला तस्संच बडवलं. तीच हातोडी, तेच ठोसे आणि तोंडात तेच शब्द! ‘असं कर’ म्हणून त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं. त्यांनी फक्त पाहिलं होतं. ज्यांनी शांत माणूस पाहिला होता, त्यांनी असं फार कमी केलं.

पण खरी मेख पुढेच आहे. १९६५ साली बंडुरांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात मुलांना बाहुलीला मारणाऱ्या माणसाची फिल्म दाखवली. काही मुलांच्या फिल्ममध्ये त्या माणसाला शेवटी खाऊ मिळतो, काहींच्या फिल्ममध्ये त्याला रागावतात आणि काहींच्या फिल्ममध्ये काहीच होत नाही. रागावलेलं पाहणाऱ्या मुलांनी नक्कल कमी केली. तुम्ही म्हणाल, ‘वा! म्हणजे रागावलं की झालं काम!’ थांबा. नंतर त्याच मुलांना सांगितलं, ‘त्या माणसाने काय काय केलं ते करून दाखवा, बक्षीस मिळेल.’ आणि काय आश्चर्य! तिन्ही गटांतल्या मुलांनी जवळजवळ सारखंच करून दाखवलं. म्हणजे रागावण्याच्या भीतीने मुलं करत नव्हती, पण शिकली तर होतीच!

तुमच्या आजी-आजोबांना टीपकागद विचारा. दौतीतल्या शाईने लिहिल्यावर ओली शाई टिपायला तो वापरत. शाई निळी असो की लाल, कागद टिपून घेणारच. लहान मूल अगदी तसंच असतं. आणि ते सगळ्यात जास्त कुणाकडे बघतं? ज्याच्यासारखं आपल्याला व्हायचंय, त्याच्याकडे. छोटीला काही आजींसारखं व्हायचं नाही. तिला दादासारखं व्हायचंय!

आता माझी एक गोष्ट सांगते. अजूनही ती सांगताना मला बरं वाटत नाही.

मी सहावीत होते. आमच्याकडे एक दूधवाले काका यायचे. बोलताना अडखळायचे. फाटकातूनच हाक मारायचे, ‘दू... दू... दूध!’ मी त्यांची हुबेहूब नक्कल करायची. त्यांच्यासमोर नाही हं! आत, स्वयंपाकघरात, दाराआड. सगळे हसायचे. ‘नको गं असं करू,’ असं म्हणता म्हणता आईसुद्धा हसायची. माझी धाकटी बहीण तेव्हा चार वर्षांची होती. ती तर टाळ्या पिटायची.

एका सकाळी तीच पातेलं घेऊन फाटकाशी धावली. काकांकडे बघून तिने मोठ्याने म्हटलं, ‘दू... दू... दूध!’ आणि शाबासकीसाठी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

काका हसले. तिच्या डोक्यावर हात ठेवला. नेहमीचं माप ओतलं आणि गेले. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हाक मारणं बंद केलं. नुसती फाटकाची कडी वाजवायचे. पुढे आम्ही ते घर सोडेपर्यंत त्यांची हाक मी पुन्हा ऐकली नाही. बहिणीला सगळे ओरडले. मला कुणीच काही बोललं नाही. आणि मी काकांना जाऊन कधी ‘चुकलं’ म्हटलं नाही. ते राहूनच गेलं.

म्हणून दोस्तांनो, ‘बाहेरचं वळण’ असं मोठी माणसं म्हणतात तेव्हा मला वाटतं, बाहेर म्हणजे नक्की कुठे? ओट्यावर? शेजारी? मोबाईलमध्ये? माझ्या बहिणीला ते वळण तर मीच लावलं होतं, आमच्याच स्वयंपाकघरात!

आता जरा तुमच्या आईबाबांशी बोलते. तुम्हीही ऐका, चोरून ऐकायची गरज नाही!

पालकहो, १९९७ साली दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झालं, आठवतं? एक हात वर करून गोल गोल फिरणाऱ्यांत तुमच्यापैकीही काही जण असतील! नक्कल करताना मुलांना अपघात झाल्याच्या बातम्या तेव्हा वर्तमानपत्रांत आल्या. मग ‘हे करून बघू नका’ असं शक्तिमानचं काम करणाऱ्या मुकेश खन्नांनीच पडद्यावरून मुलांना सांगितलं. तेव्हा टीव्हीची काळजी होती, आज मोबाईलची आहे. ती रास्तच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं, की दोन वर्षांखालच्या बाळांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त नको. पण जेवताना आपल्याच एका हातात मोबाईल असेल, तर छोटी काय टिपणार?

तीच गोष्ट टपरीची. २००३ च्या कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत ती विकायलाही बंदी आहे. तरीही ‘जा रे, काकांना एक पुडी आणून दे’ असं मुलांना घरातूनच सांगितलं जातं. मग दोष नुसता टपरीवाल्याचा कसा?

आणि मूल वाईट शब्द बोललं तर? हसू नका, कितीही गोड वाटलं तरी! हसणं म्हणजे बक्षीसच. आणि आकाशपाताळही एक करू नका, नाहीतर त्या शब्दात काहीतरी जादू आहे, असं त्याला वाटेल. शांतपणे सांगा, ‘हा शब्द आपण वापरत नाही. राग आला असेल तर “मला राग आलाय” असं म्हण.’ मग स्वतःही तसंच म्हणून दाखवा.

हे सगळं मी त्या आईला आणि दादाला कळवलं. दादाला एवढंच जास्त लिहिलं, ‘ओटा तुमचा, मित्र तुमचे, पण छोटी ओट्यावर आली की तुम्ही सगळे तिचे दादा. मित्रांशी तूच बोल.’

परवा दादाचं कार्ड आलं. आईने मित्रांना पुन्हा यायला परवानगी दिली आहे. ओट्यावर दोन नियम झाले आहेत. छोटी असताना शिवी नाही आणि तिच्या हातात मोबाईल नाही. घरातही एक नियम झालाय. ‘डोकं नको खाऊ’ म्हटलं, की म्हणणाऱ्याने त्या दिवशीचं ताट-पाट करायचं. आई आतापर्यंत तीनदा सापडली आहे!

पण कार्डाच्या शेवटी दादाने लिहिलंय, ‘ज्याचा तो शब्द होता, तो मित्र आता येत नाही. आई म्हणते, बरं झालं. छोटी मात्र रोज करवंटीत पाणी घालते आणि विचारते, तो कुठे गेला?’

दादा, हे तुझ्यासाठी. नियम ठीक आहेत, ते मोडू नका. पण त्याच्या घरी जा. आईला विचार, छोटीला बरोबर घेऊन जाऊ का? तो शब्द त्यालाही कुणाकडून तरीच लागला असेल ना? तिच्यासमोर काय बोलायचं नाही, हे त्याला एकदा मित्रासारखं सांग आणि संध्याकाळी खेळायला बोलव. मी माझ्या काकांना जाऊन भेटले नाही. तू तसं करू नकोस.

आणि तुम्हा बाकीच्यांसाठी या आठवड्याचा उद्योग. घरात, शेजारी, वाड्यात एखादं छोटं असेल, तर तीन दिवस त्याच्यावर नजर ठेवा. वहीत दोन रकाने आखा. एकात लिहा, छोट्याने काय केलं. दुसऱ्यात, ते तो कुणाकडून शिकला. चांगलं आणि वाईट, दोन्ही लिहा हं! आणि दुसऱ्या रकान्यात तुमचं नाव किती वेळा आलं, ते प्रामाणिकपणे मोजा. मला पत्राने कळवा. आईबाबांची नावं आली तर तीही कळवा. मी कुणाला सांगणार नाही!

तुमची,
मावशी