शिफारसपत्राची साक्ष

भारतीय विद्यापीठांतून लिहिली जाणारी बहुतेक शिफारसपत्रे ही वस्तुतः वर्तणुकीचे दाखले असतात. अर्जदार कष्टाळू व विनयशील आहे, त्याच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा, एवढे सांगून ती संपतात. नोकरीच्या अर्जाला जोडण्यापुरते अशा दाखल्याने भागतही असेल. परंतु संशोधनवृत्ती मागणाऱ्याच्या पदरी त्यातून काहीच पडत नाही. कित्येकदा तर मार्गदर्शक विद्यार्थ्यालाच मसुदा करून आणावयास सांगतात व खाली स्वाक्षरी करतात. बिचारा विद्यार्थी मग संकोचाने स्वतःविषयी तीच विशेषणे योजतो, जी गतवर्षीच्या अर्जदाराने योजलेली असतात.

याच देशात लिहिले गेलेले एक निराळे पत्र या संदर्भात पाहण्यासारखे आहे. रामानुजन यांच्या चरित्रात हार्डी यांचे नाव सर्वमुखी झाले. वॉकर यांचे पत्र मात्र फारसे कोणी आठवत नाही. 1913 च्या आरंभी रामानुजन मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा 30 रुपयांवर कारकून होते आणि एफ.ए.ची परीक्षाही उत्तीर्ण झालेले नव्हते. गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजमध्ये घडलेले गणिती व त्या वेळी भारतातील वेधशाळांचे प्रमुख. त्यांनी रामानुजन यांचे काम पाहिले आणि 26 फेब्रुवारी 1913 रोजी मद्रास विद्यापीठाच्या कुलसचिवांना लिहिले. या कामाची स्वतंत्र प्रज्ञा केंब्रिजच्या एखाद्या महाविद्यालयातील गणिताच्या फेलोच्या कामाशी तुलना करण्याजोगी आहे, असे त्यांनी म्हटले. परंतु सिद्धान्त सर्वमान्य होण्यास लागणारी पूर्णता व काटेकोरपणा तीत नाही, हेही त्यांनी लपविले नाही. गणिताच्या त्या शाखांचा आपला विशेष अभ्यास नसल्याने या तरुणास युरोपात कीर्ती मिळेल की नाही हे आपण सांगू शकत नाही, अशी कबुलीही त्यांनी दिली. आणि मागणी नेमकी केली: काही वर्षे उपजीविकेची चिंता न करता त्याला सर्व वेळ गणिताला देता यावा. पदवी नसलेल्या त्या कारकुनाला विद्यापीठाने दोन वर्षांसाठी दरमहा 75 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. ती केवळ या एका पत्रामुळे मिळाली असे नव्हे; पण समितीला हाती धरता येईल असे काही त्या पत्रात होते. स्वतःच्या ज्ञानाची सीमा सांगणाऱ्याने केलेली तुलना विश्वासार्ह वाटते.

विशेषणे सर्वस्वी वर्ज्य आहेत असे मात्र नाही. पुढल्याच वर्षी नेव्हिल यांनी त्याच कुलसचिवांना लिहिलेले पत्र गौरवाने ओथंबलेले होते. तथापि ते केंब्रिजचे गणिती होते आणि रामानुजन यांच्या वह्या त्यांनी स्वतः पाहिल्या होत्या. इंग्लंडमधील वास्तव्यासाठी वार्षिक 250 पौंड त्यानंतर मंजूर झाले.

गणिताची सूत्रे कोठेही वाचता येतात. मराठी प्रबंधाचे तसे नाही. लीळाचरित्राच्या पाठांवर काम केलेला विद्यार्थी जादवपूरच्या तौलनिक साहित्य विभागाकडे अर्ज करतो, तेव्हा त्याचा प्रबंध वाचू शकणारा कोणी निवडसमितीत असेलच असे नाही. त्यांच्यापुढे त्याचे काम म्हणून जे येते, ते मार्गदर्शकाच्या पत्रातूनच. ‘मराठी साहित्याची सखोल जाण’ या शब्दांतून बंगाली वा तमिळ अभ्यासकाला काय कळावे? त्याने कोणती हस्तलिखिते पाहिली, महानुभावांची सकळ लिपी तो स्वतः वाचतो की दुसऱ्याच्या लिप्यंतरावर विसंबतो, कोणत्या रूढ मताला त्याने हरकत घेतली, त्याचा युक्तिवाद कोठे लंगडा पडतो आणि गेल्या दहा वर्षांतील विद्यार्थ्यांत त्याचे स्थान कोणते, हे सांगितले तर परभाषिकालाही त्याचे मोल ठरविता येईल. असे सांगण्यासारखे काही ज्याच्यापाशी नाही, त्या प्राध्यापकाने विद्यार्थ्यास वेळीच नकार द्यावा. ते अधिक दयाळूपणाचे.

दोष एकट्या लिहिणाऱ्याचाही नव्हे. जन्मभर मराठीत लिहिलेला मार्गदर्शक इंग्रजीत पत्र लिहू लागला की सूक्ष्म निरीक्षणे गळतात आणि ठरीव वाक्ये तेवढी उरतात. भारतीय भाषांच्या विभागांनी तरी पत्र अर्जदाराच्या भाषेत स्वीकारावे व ती भाषा जाणणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याकडून ते समितीपुढे वाचवून घ्यावे. केंद्रीय विद्यापीठांत असा सहकारी बहुधा शेजारच्याच खोलीत बसलेला असतो.