विश्लेषण : कर्करुग्णांसाठी धावता, पण पैसे पोहोचतात कुठे?

थंडीची चाहूल लागली की राज्यात धावण्याच्या शर्यतींचा मोसम सुरू होतो. त्यातील काही शर्यती कर्करोग रुग्णालयाच्या मदतीसाठी असल्याचे सांगितले जाते. नावनोंदणीचे पैसे भरले, टी-शर्ट आणि पदक मिळाले, की रुग्णाला मदत झाली असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात प्रवेश शुल्क वेगळे आणि देणगी वेगळी. हा फरक नेमका काय आहे आणि तो रुग्णासाठी का महत्त्वाचा ठरतो?

प्रवेश शुल्काचे काय होते?

शर्यत भरवायची तर खर्च मोठा असतो. परवानग्या, मार्गावरील अडथळे, रुग्णवाहिका, पाणी, वेळ मोजणारी चिप, टी-शर्ट, पदक आणि अल्पोपाहार या सगळ्यांचे पैसे द्यावे लागतात. प्रायोजक मिळाला नाही तर हा भार प्रवेश शुल्कावरच येतो.

एक साधा हिशेब पाहू. समजा, २,००० जणांनी प्रत्येकी १,००० रुपये भरले. जमा झाले २० लाख. आयोजनावर १७ लाख खर्च झाले, तर रुग्णालयाला उरतात ३ लाख. आता याच प्रत्येक धावपटूने ५ परिचितांकडून २०० रुपये मिळवले, तर आणखी २० लाख उभे राहतात आणि एकूण मदत २३ लाखांवर जाते. आकडे काल्पनिक असले तरी गणित खरे आहे. मदतीची रक्कम वाढते ती धावणाऱ्याने इतरांकडून गोळा केलेल्या देणगीमुळे.

ही कल्पना रुजली कशी?

कर्करोगासाठी धावणे म्हटले की कॅनडाच्या टेरी फॉक्सचे नाव आधी येते. हाडांच्या कर्करोगामुळे १९७७ मध्ये, वयाच्या १८व्या वर्षी त्याचा उजवा पाय कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी त्याने कृत्रिम पायावर कॅनडा पार करण्यासाठी धावायला सुरुवात केली. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापल्यावर कर्करोग फुप्फुसांत पसरल्याचे आढळले आणि त्याला थांबावे लागले. देशातील प्रत्येक नागरिकामागे एक डॉलर जमवायचे त्याचे उद्दिष्ट मात्र फेब्रुवारी १९८१ मध्ये पूर्ण झाले. त्याच वर्षी जूनमध्ये त्याचे निधन झाले.

त्याच्या नावाने १९८१ पासून होणाऱ्या दौडीत स्पर्धा नसते आणि विजेताही नसतो. भर असतो तो देणगी गोळा करण्यावर. मुंबईतही ही दौड झाली असून तिचा निधी टाटा मेमोरियल रुग्णालयातील संशोधनासाठी देण्यात आला.

मुंबई मॅरेथॉनमध्ये निधी कसा जमतो?

२००४ पासून होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ‘युनायटेड वे मुंबई’ ही संस्था निधी संकलनाचे काम पाहते. स्वयंसेवी संस्था तिच्याकडे नोंदणी करतात. धावपटू आपल्या पसंतीची संस्था निवडून तिच्यासाठी देणग्या मागतो, कंपन्या कर्मचाऱ्यांचे संघ उतरवतात. कर्करुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थाही यात असतात. म्हणजे शर्यत एकच असली तरी कोणाचा पैसा कोणत्या संस्थेला जाणार, हे देणगी देतानाच ठरलेले असते.

सरकारी योजना असताना देणगी कशाला?

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार, २०२२ मध्ये भारतात १४ लाखांहून अधिक नव्या रुग्णांची भर पडली आणि नऊ लाखांहून अधिक जणांचा मृत्यू झाला. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिओथेरपीचा समावेश आहे. पण उपचाराचा खर्च रुग्णालयाच्या बिलावर संपत नाही.

रेडिओथेरपी साधारणपणे आठवड्यातून ५ दिवस आणि अनेकदा ५ ते ७ आठवडे चालते. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या शेतमजुराला एवढे दिवस परळमध्ये राहायचे तर खोली, दोन माणसांचे जेवण आणि बुडालेली मजुरी यांचा मेळ बसत नाही. मग उपचार अर्धवट सोडून गाव गाठले जाते. म्हणूनच दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा किंवा २००६ पासून मुलांना आणि पालकांना मोफत निवारा देणारी सेंट ज्यूड इंडिया ही संस्था औषधाइतकीच मोलाची ठरते. देणगीचा पैसा हीच पोकळी भरून काढतो.

करसवलत मिळते का?

प्रवेश शुल्काच्या मोबदल्यात सेवा मिळते, त्यामुळे त्यावर देणगीची करसवलत मिळत नाही. मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर ‘८०जी’ नावाने ओळखली जाणारी सवलत मिळते. बहुतेक संस्थांच्या बाबतीत ती देणगीच्या ५० टक्क्यांवर आणि उत्पन्नाशी निगडित मर्यादेत असते. ही सवलत जुन्या करप्रणालीतच लागू आहे. २,००० रुपयांहून अधिक देणगी रोखीने दिल्यास ती मिळत नाही.

परदेशातील मराठी मंडळींसाठीही एक नियम लक्षात घेण्यासारखा आहे. भारतीय नागरिकाने परदेशात राहून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय देणगी मानली जात नाही. मात्र परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी स्वीकारण्यासाठी संस्थेकडे परकीय योगदान नियमन कायद्याखालील, म्हणजे ‘एफसीआरए’ नोंदणी असावी लागते.

नाव नोंदवण्यापूर्वी काय विचारावे?

पहिला प्रश्न : शुल्कातील किती रक्कम रुग्णालयाला जाणार? ‘नफ्यातील काही भाग’ असे मोघम उत्तर पुरेसे नाही. ठरावीक रक्कम किंवा टक्केवारी हवी. दुसरा : पैसे नेमके कोणाच्या खात्यात आणि कशासाठी जाणार? यंत्रसामग्री, संशोधन, औषधे की रुग्णांची राहण्याची सोय, हे स्पष्ट असावे. तिसरा : रुग्णालयाला किंवा संस्थेला या उपक्रमाची माहिती आहे का? एका फोनवर याची खातरजमा होते. चौथा : गेल्या वर्षीचा जमाखर्च जाहीर झाला आहे का?

उत्तरे मिळाली नाहीत तर दुसरा मार्ग खुला आहे. हौसेसाठी हवी ती शर्यत धावावी आणि देणगी थेट रुग्णालयाच्या किंवा संस्थेच्या खात्यात भरून पावती घ्यावी. टाटा मेमोरियलसारखी रुग्णालये रुग्ण कल्याणासाठी थेट देणगी स्वीकारतात. पदक मिळाले नाही तरी त्या पैशातून एखाद्या रुग्णाचा मुंबईतला मुक्काम उपचार पूर्ण होईपर्यंत टिकू शकतो.