उसना तास

दिवाळीची सुटी संपली, की आमच्या क्रीडाशिक्षकांना मी दरवर्षी गळ घालतो, "सर, आजचा तुमचा तास मला द्या. पोर्शन राहिलाय." ते बिचारे हसून देतात.

गेल्या वर्षी अशाच उसन्या तासाला मी अकरावीला निबंध सांगत होतो. विषय, 'व्यायामाचे महत्त्व'! 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला कबड्डी खेळून दाखविली, हा मुद्दा मी मोठ्या रंगात आलो असताना सांगितला. तोच कायम मान खाली घालून बसणारी एक मुलगी उठली.

"सर, खो-खोचा हा एकच तास असतो, ज्यात मला काहीतरी येतं."

वर्ग हसला. मला हसू आले नाही. तास मी मागितला होता क्रीडाशिक्षकांकडे. पण घेतला होता तिचा.

यंदा पोर्शन राहिला तर राहू दे!