चौघांचा डाव

पत्त्यांत आमची मजल मेंढीकोटापलीकडे कधी गेली नाही. तेव्हा गेल्या दिवाळीत सिएटलहून आलेल्या भाच्याने पाडव्याच्या दुपारी सतरंजीवर चार कॅट मांडले आणि "मामा, एक भिडू कमी पडतोय," म्हणून मला ओढले, तेव्हा मी जरा बिचकलोच. दुसरेही कारण होते. उरलेल्या दोन भिडूंत एक आमचे चिरंजीव होते, आणि त्यांचा-माझा अबोला चालू होता. बारावीनंतर मराठी घेतो म्हणाला, आणि मी नको म्हणालो. जन्मभर मराठी शिकवून पोट भरणाऱ्याने!

खेळाचे नाव मॅजिक: द गॅदरिंग. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचलेला हा खेळ १९९३ साली बाजारात आला. मूळ डाव दोघांचा, प्रत्येकी साठ पानांचा नि वीस प्राणांचा. चौघांच्या प्रकाराला कमांडर म्हणतात. त्यात शंभर पाने, साध्या जमिनी सोडल्या तर एकही पान दुबार नाही, प्राण चाळीस, आणि प्रत्येकाचा एक सरदार. जमिनीची पाने मांडायची, त्यांतून बळ काढायचे, त्या बळावर प्राणी आणि मंत्र उतरवायचे.

दोघांच्या डावात जे शहाणपण, तेच चौघांत वेडेपणा ठरते. एका लाल बळात शत्रूचे तीन प्राण घेणारा विजेचा मंत्र आहे. वीसांतून तीन गेले तर माणूस कळवळतो. पण इथे समोर तिघांचे मिळून एकशेवीस! म्हणून भाच्याने क्रेंको नावाचा गॉब्लिनांचा म्होरक्या आणला होता. जितके गॉब्लिन, तितके आणखी तो पैदा करतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. आमच्या चाळीतले ढेकूण आठवले.

चिरंजीवांचा कॅट निळा. दुसऱ्याने मंत्र म्हटला की "नाही" म्हणायचे, हाच त्यांचा धर्म. (घरीही तोच.) शिवाय स्वतः मंत्र म्हटला की त्यांच्या सरदाराच्या कृपेने एक उडता ड्रेक पदरात पडे. पण यातही मेख आहे. एकाला अडवावे तर आपले पान जाते, त्याचे जाते, आणि बाकीचे दोघे फुकटात श्रीमंत होतात.

भाचीचा सरदार होता एक जांभळा, उडता पाणघोडा! नाव फेल्डॅग्रिफ. गारफील्डच्या नावाला पीएच.डी. जोडून रोमन अक्षरे फिरवली की हे नाव होते, हे कळल्यावर माझ्यातला मास्तर खूष झाला. ही मुलगी सगळ्यांना दान करीत सुटली होती. कुणाला दोन प्राण, कुणाला एक पान. दात्याच्या अंगावर कोण जाणार? तिचे चाळीसच्या चाळीस शाबूत!

माझा कॅट पांढरा, उसना. चौदा प्राण उरले होते. सोळा गॉब्लिन मांडून भाचा म्हणाला, "मामा, पुढच्या फेरीत तुझा नंबर." माझ्या हातात 'देवाचा कोप' होता. चार बळ खर्चून मांडावरचा प्रत्येक प्राणी नष्ट. परंतु चिरंजीवांचे तीन ड्रेकही त्यात मरणार होते, आणि त्यांची दोन बेटे अजून वापरायची शिल्लक होती. अडवायला दोनच लागतात.

मी पान हातातच घोळवीत राहिलो.

"खेळा बाबा," तो म्हणाला. "मी अडवणार नाही."

दोन महिन्यांत माझ्याशी बोललेले ते पहिले वाक्य.

मी पान टाकले. सोळा गॉब्लिन गेले, तीन ड्रेक गेले. भाचीने एक निळे बळ खर्चून पाणघोडा अलगद हातात परत घेतला, आणि जाता जाता मला एक पान ओढू दिले. ते पान मला लाभले नाही. सातआठ फेऱ्यांनी मला संपवले ते चिरंजीवांनीच, नव्याने जमवलेल्या ड्रेकांनी, आणि जराही दयामाया न दाखवता.

भाऊबीजेच्या सकाळी मी चहा घेत होतो. तो समोर येऊन बसला.

"बाबा, काल माझ्या हातात अडवायचं पान होतं का, काय वाटतं तुम्हाला?"

"होतं?"

त्याने बशीतली चकली उचलली. म्हणाला, "प्रवेशाच्या अर्जावर तुमची सही लागेल."