पनवेलचा आकडा कुठे आहे?

रायगड जिल्ह्यात किती विवाहित स्त्रिया नवऱ्याचा मार खातात? आम्ही हा आकडा शोधला. मिळाला नाही, कारण तो काढलाच जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) नवऱ्याच्या हिंसेचे प्रश्न निवडक घरांतच विचारले जातात आणि त्यातून फक्त राज्याचा अंदाज निघतो. महाराष्ट्राचा आकडा २५.२ टक्के आहे, म्हणजे चारात एक. आधीच्या फेरीत तो २१.३ होता. पनवेल काय, महाड काय, सगळे त्याच सरासरीत बुडाले.

मग हिंसा होण्याआधीच ती कशी थांबवायची, याचा अभ्यास कोणाच्या पैशावर होतो? मुंबईच्या वस्त्यांत तरुण मुलांबरोबर 'यारी दोस्ती' हा प्रयोग झाला. चेंबूरची 'कोरो' त्यात होती. तो प्रयोग एचआयव्ही प्रतिबंधासाठी आलेल्या अमेरिकन मदतीतून उभा राहिला. धारावी-गोवंडीत 'स्नेहा' संस्थेने केलेल्या चाचणीला ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टने पैसा दिला. २०२५मध्ये अमेरिकेने आपली मदत संस्था यूएसएड गुंडाळली. दुसऱ्याच्या ताटातला घास असा कधीही उचलला जातो.

आपल्याकडे पैसा नाही असे नाही. २०१३ला निर्भया निधी १,००० कोटींनी सुरू झाला. त्यातून वन स्टॉप सेंटर, हेल्पलाइन, कॅमेरे आले. हे हवेच, पण ही मार पडल्यानंतरची सोय झाली. आणि कॅमेरा स्वयंपाकघरात नसतो.

आता घरचे बोलू. "आपल्यात असले प्रकार कमी," असे विहारात अनेकदा ऐकू येते. दुसरे म्हणतात, आकडे बाहेर आले तर समाजाची बदनामी होईल. ही भीती आम्ही खोटी मानत नाही. वस्तीला गुन्हेगार ठरवणारे टपलेलेच असतात. पण त्या भीतीची किंमत कळंबोलीतली किंवा तळोज्यातली आपलीच बहीण मोजते. सर्वेक्षणात बौद्ध म्हणून आपली नोंद होते, मग आपल्याविषयीचा प्रश्न आपणच का विचारू नये?

आमची मागणी साधी आहे. महापालिकेच्या महिला व बालकल्याण निधीतून शिलाई मशीन जरूर द्या, पण त्यातलाच काही भाग तालुक्याच्या अभ्यासासाठी ठेवा. प्रश्न विचारणाऱ्या मुली वस्तीतल्याच असाव्यात, मात्र ज्या गल्लीत राहतात त्या गल्लीत त्यांनी जाऊ नये. मुलाखत बाईशी एकटीशी व्हावी, सासू दारात नसताना. नाव कुठेही लिहू नये. आणि मुलाखतीत कोणी मदत मागितली, तर कुठे न्यायचे हे आधी ठरलेले असावे. ही शेवटची तयारी नसेल तर पहिले दार वाजवू नये.